काटोलच्या वावरात आकाशातला गोटा शोधताना

मंगळवार, २२ मे २०१२. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. त्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर माणूस दिसत नाही. गुरेसुद्धा निंबाच्या सावलीला उभी असतात. अशा निपचित वेळी धडाम्‌ असा आवाज झाला. कुणाला वाटले विमान पडले, कुणाला वाटले खाणीत सुरुंग उडाला. नंतर वावरात, रस्त्याच्या कडेला, घरांच्या आसपास काळे दगड सापडू लागले आणि ते आकाशातून आल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून आली.

आपल्या भाषेत आकाशातून जळत येणाऱ्या वस्तूला उल्का म्हणतात आणि तिचा जो भाग न जळता जमिनीवर पोहोचतो त्याला अशनी म्हणतात. मंगळ आणि गुरू या ग्रहांच्या दरम्यान लहान-मोठ्या खडकांचा एक पट्टा सूर्याभोवती फिरत असतो. त्यांची आपसात टक्कर होते, तुकडे उडतात आणि एखादा तुकडा भटकत पृथ्वीच्या वाटेत येतो. तो सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने हवेत शिरतो. घर्षणाने व हवेच्या दाबाने त्याची बाहेरची साल वितळते, दगड फुटतो आणि तुकड्यांचा पाऊस पडतो. काटोलला हेच घडले. सुमारे ३० तुकडे मिळाले. त्यांतला सर्वांत मोठा साधारण एक किलोचा होता आणि नोंद झालेले एकूण वजन सुमारे १३ किलो भरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयातील अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून हे तुकडे गोळा केले.

आम्ही का निघालो

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी अभ्यास मंडळ भरते. वैशाख पौर्णिमा होऊन तीन आठवडे झाले होते. मंडळात भूगर्भशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणारी एक मुलगी येत असे. गिरणी कामगाराची नात, बाप ऑटोरिक्षा चालवणारा. ती म्हणाली, "दादा, साडेचार अब्ज वर्षांचा दगड आपल्या जिल्ह्यात पडला आहे आणि आपण घरात बसून पेपर वाचतो आहोत. पाऊस पडला की वावरं वखरली जातील. मग काहीच सापडणार नाही."

तिचे म्हणणे खरे होते. अशनीत धातुरूप लोखंड असते. त्याला पाणी लागले की गंज चढू लागतो. शिवाय मृग नक्षत्राच्या तोंडावर शेतकरी वखरणी करतो तेव्हा वरचा दगड खाली आणि खालचा वर होतो. आठ-पंधरा दिवसांत जे शोधायचे ते शोधायला हवे होते.

आम्ही पाच जण तयार झालो. ती मुलगी, तिची मैत्रीण, एक शाळामास्तर, एक आयटीआय झालेला तरुण आणि मी. सापडले तर सरकारी कार्यालयात नेऊन द्यायचे, स्वतःजवळ ठेवायचे नाही, असे आधीच ठरले. आपल्या देशात अशनी गोळा करून जतन करण्याचे काम १८५१ साली स्थापन झालेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्यांचा मोठा संग्रह कोलकात्यात आहे. त्यामुळे याबाबत वाद नव्हता.

रविवार २७ मे हा दिवस ठरला. नवतपा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, २५ मेपासूनच्या नऊ दिवसांना आमच्याकडे नवतपा म्हणतात. या दिवसांत पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि लू वाहते. शेजारच्या आजीने प्रत्येकाच्या खिशात कांदा घातला. खिशातल्या कांद्याने लू टळत नाही, पण तिच्या मायेला नाही म्हणवले नाही. तो कांदा आम्ही दुपारी भाकरीसोबत खाल्ला. लू टळते ती पाण्याने. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, कैरीचे पन्हे, डोक्या-कानांवर घट्ट बांधलेला दुपट्टा आणि पायात बंद बूट एवढी तयारी होती. साडेदहाला थांबायचे आणि साडेचारनंतर पुन्हा निघायचे, हा नियम मास्तरांनी घालून दिला.

काळ्या मातीत काळा दगड

नागपूरहून काटोल वायव्येला साधारण साठ किलोमीटर. पहाटेच्या एस.टी.ने निघालो आणि उजाडताना पोहोचलो. हा संत्र्याचा मुलूख. जाम नदीच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा आहेत. मे महिन्यात त्या पाहिल्या की जीव कळवळतो. मृग बहार घ्यायचा असेल तर या दिवसांत झाडाला मुद्दाम पाणी देत नाहीत. त्याला ताण देणे म्हणतात. पाने सुकून वळलेली, झाड मेल्यासारखे उभे. पावसाचे पाणी लागले की त्याच झाडाला फूल येते.

बागा संपल्या की बरड सुरू होते. बरड म्हणजे उंचवट्याची, दगडगोट्यांची, हलकी जमीन. मधून पांधण जाते, दोन्ही बाजूंना हिवर, बाभूळ, बोरीची झुडपे. नाले कोरडे ठक्क. त्यांच्या काठाने चालताना गोल गोट्यांवरून पाय सटकतो. वावरात पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले आणि भेगाळलेल्या जमिनीत ढेकळे लोखंडासारखी टणक झालेली.

मुलीने शोधण्याची रीत समजावून दिली. आकाशातून दगडांचा पाऊस पडतो तेव्हा तो लांबट अंडाकृती पट्ट्यात पडतो. जड तुकडे पुढे जातात, हलके मागे पडतात. म्हणून आधी कुठे कुठे दगड सापडले ते गावात विचारायचे, कागदावर खुणा करायच्या आणि मधल्या मोकळ्या जमिनीत फिरायचे. पाचही जणांनी एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर एका रांगेत उभे राहायचे आणि धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सरळ चालायचे. नजर पायापुढच्या दहा फुटांवर. रांगेतला एक थांबला की सर्वांनी थांबायचे. धुरा ओलांडण्यापूर्वी वावराच्या मालकाला किंवा राखणदाराला विचारायचे.

सांगायला सोपे, पण करताना खरी अडचण कळली. अंटार्क्टिकाच्या बर्फावर अशनी मोठ्या संख्येने सापडतात. १९६९ साली जपानी संशोधकांना तिथे एकदम नऊ दगड मिळाले आणि त्यानंतर शोधमोहिमा सुरू झाल्या. पांढऱ्या बर्फावर काळा दगड दुरून दिसतो. वाळवंटाच्या पिवळ्या वाळूतही दिसतो. काटोलची जमीन काळी आणि तिच्यातला दगडही काळा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरांवर थर साचले. त्यांचा हा काळा फत्तर म्हणजे बेसॉल्ट. त्याच्यातही लोहाची खनिजे असल्याने दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक त्याच्याकडेही थोडे ओढले जाते. म्हणजे रंगाने ओळखता येत नाही आणि नुसत्या चुंबकानेही नाही.

मग ओळखायचे कसे? तिने चार खुणा सांगितल्या. पहिली, नुकत्याच पडलेल्या अशनीवर पातळ काळी साल असते, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. कोपरा फुटला असेल तर आत फिकट राखाडी रंग दिसतो. बेसॉल्ट फोडला तर आतही काळाच. दुसरी, आतल्या राखाडी भागात धातूचे बारीक चमकते कण दिसतात. तिसरी, अशनीत बुडबुड्यांची भोके सहसा नसतात. बेसॉल्टमध्ये ती असतात आणि पुष्कळदा त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात. भट्टीच्या मळीतही भोके असतात. चौथी, हातात घेतला की त्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा तो थोडा जड लागतो.

सहा ते साडेदहा आम्ही सात वावरे पालथी घातली. दर दहा पावलांवर कुणीतरी थांबत होते. "इकडे बघा." सगळे थांबायचे. मुलगी येऊन बसायची, दगड उचलायची, फिरवून बघायची आणि जागच्या जागी ठेवायची. "बेसॉल्ट." पुन्हा चालणे. साडेआठनंतर दगड हातात धरवेना. आयटीआयवाला तरुण म्हणाला, "यापेक्षा लेथवर उभं राहणं बरं." तरी रांग मोडून बाजूला झाला नाही.

एका धुऱ्यावर वयस्क शेतकरी भेटला. त्याने हटकले, "काय हरपलं जी तुमचं?"

"काही नाही बाबा, आकाशातला गोटा धुंडतो."

"तो त सायबाईनं नेला. आता काय भेटते?" असे म्हणत त्याने आपल्या मडक्यातले पाणी पुढे केले. आम्ही ओंजळीने नव्हे, त्याच्याच गिलासाने पाणी प्यालो. त्याने आमचे नाव-गाव, जात काही विचारले नाही. माझे वडील सांगत, त्यांच्या लहानपणी दुसऱ्याच्या विहिरीजवळ उभे राहणेही कठीण होते. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण बदल झाला असेल तिथे तो नोंदवला पाहिजे आणि झाला नसेल तिथे तेही नोंदवले पाहिजे.

पुढे एका हिवराखाली शेंदूर लावलेला ताजा दगड दिसला. शेजारी अगरबत्तीच्या काड्या. मास्तरांनी राखणदाराला विचारून मुलीला जवळ नेले. तिने हात न लावता बघितले. दगडाला भोके होती, त्यांत पांढरे खनिज भरलेले होते. बेसॉल्टच. राखणदार म्हणाला, "मंगळवारपासून लोकं कोणत्याबी काया गोट्याले शेंदूर लावून राह्यले." मुलीने त्याला दोन दगड फोडून दाखवले, फरक समजावून सांगितला. कुणाची टवाळी केली नाही. ज्याला भीती वाटते त्याच्यावर हसून भीती जात नाही, कारण कळले की जाते.

निंबाखालची शाळा

दुपारी गावाच्या कडेला शाळेजवळच्या निंबाखाली बसलो. भाकरी, ठेचा, कांदा आणि पन्हे. दहा-बारा पोरे जमली. प्रत्येकाच्या हातात एक काळा दगड. मुलीने तिथेच शाळा मांडली. एकेक दगड तपासत गेली. एक मळीचा तुकडा, एक वाटीचे फुटलेले बूड, बाकी बेसॉल्ट. पोरांचा हिरमोड होऊ नये म्हणून ती प्रत्येकाला सांगत होती, "हा आकाशातला नाही, पण सहा कोटी वर्षांचा आहे. जपून ठेव."

एका पोराने विचारले, "मंग इतका गरम गोटा पडून पऱ्हाटीची गंजी काऊन नाई पेटली?" मुलगी खूश झाली. ती म्हणाली, दगडाची फक्त साल वितळते, आतला भाग गार असतो. शेवटचे काही किलोमीटर तो हवेच्या विरोधाने वेग गमावून साध्या दगडासारखा खाली येतो. म्हणून तो पेटलेला नसतो.

मग मास्तरांनी जुनी हकिगत सांगितली. अठराव्या शतकात युरोपातले मोठमोठे विद्वान म्हणत, आकाशात दगड नाहीत, तर पडतील कुठून? शेतकरी म्हणत, आम्ही पडताना पाहिला. विद्वान म्हणत, अडाण्यांचा भ्रम आहे. १७९४ साली क्लाडनी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने असे दगड अवकाशातून येतात असे मांडले, तेव्हा त्याच्यावर टीका झाली. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल या गावाच्या परिसरात तीन हजारांच्या आसपास दगड पडले. सरकारने बिओ या तरुण शास्त्रज्ञाला पाठवले. तो गावोगाव फिरला, शेतकऱ्यांना, स्त्रियांना, कारागिरांना प्रत्येकाला वेगवेगळे विचारले, दगड पाहिले, नकाशा काढला आणि सांगितले की हे लोक खरे बोलत आहेत. त्या अहवालानंतर विद्वानांना मान्य करावे लागले.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी सारनाथ ज्या वाराणसीच्या शेजारी आहे, त्याच वाराणसीजवळच्या एका गावात दगडांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी लोकांनी उकरलेली माती बघून वावरातून दगड काढले. एक दगड एका चौकीदाराच्या झोपडीच्या छपरातून आत येऊन जमिनीत रुतला. तिथले दगड इंग्लंडला गेले आणि १८०२ साली हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने त्यांतल्या लोखंडात निकेल असल्याचे दाखवले. निरनिराळ्या देशांत पडलेले दगड एकाच घराण्यातले आहेत हे त्यातून कळले. बोधगयेला जाणाऱ्या बांधवांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. गया जिल्ह्यातच शेरघाटी नावाचे गाव आहे. तिथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी सुमारे पाच किलोचा दगड पडला. तो मंगळ ग्रहावरून आलेला आहे, हे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिद्ध झाले. आता जगात कुठेही त्या जातीचा दगड सापडला तरी त्याला शेरघाटीच्या नावाने 'शेर्गोटाइट' म्हणतात.

मास्तर शेवटी म्हणाले, "वाराणसीच्या हकिगतीत साहेबांची नावे आहेत. ज्याच्या छपरातून दगड आला त्या चौकीदाराचे नाव मात्र नाही." पोरे गप्प झाली. आम्हीही.

भगवान बुद्धांनी कालाम लोकांना काय सांगितले ते आपण विहारात नेहमी ऐकतो. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ही शिकवण अडाण्याला लागू आहे तशी विद्वानालाही लागू आहे. शेंदूर लावणारा पारखत नाही आणि गरिबाचे ऐकण्याआधीच त्याला खोटे ठरवणारा पंडितही पारखत नाही.

डब्यातला दगड

साडेचारला उठलो तेव्हा पोरांतली एक मुलगी मागे-मागे आली. म्हणाली, "आमच्या आजीजवळ हाय एक गोटा. डब्यात."

वस्तीच्या टोकाला कवेलूचे घर. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची तसबीर. पन्नाशी ओलांडलेली बाई, मजुरी करणारी. जय भीम झाला. आधी ती बोलेना. मग पाण्याचा गडवा पुढे ठेवला आणि उतरंडीतून पत्र्याचा डबा काढला. त्यात फडक्यात बांधलेला लिंबाएवढा दगड. मुलीने तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ बोलली नाही. पातळ काळी साल. एक कोपरा फुटलेला, आत राखाडी. त्यात सुईच्या टोकाएवढे चमकते कण. दोऱ्याचे चुंबक हळूच झुकले.

"मावशी, कुठे सापडला?"

"काड्या वेचाले गेली होती, बरडात. मातीवर तसाच होता, नवाकोरा." मग तिने खरी गोष्ट सांगितली. आदल्या दिवशी मोटारसायकलवर दोन माणसे आली होती. "मले पाचशे देतो म्हने. कोनाले सांगू नको म्हने. याच्यातून लाखो रुपये निंगते, पन त्याले आंधी तपासाचा खर्च लागते, तुमी पाच हजार जमवा म्हने."

मी कारकुनी करणारा माणूस. हिशेबातली गोम मला लगेच दिसते. जो लाखोंचा माल घ्यायला येतो तो पाचशे देऊन पाच हजार मागतो कसा? देशात 'राइस पुलर' नावाची फसवणूक चालते. वीज पडलेले भांडे, तांदळाचे दाणे ओढणारा धातू, आकाशातला दगड असे काहीतरी दाखवायचे, परदेशात कोटीला विकले जाईल म्हणायचे आणि तपासणीच्या नावाखाली गरिबाचे दागिने, जमीन, घर विकायला लावायचे. अनेक राज्यांत पोलिसांनी असे गुन्हे नोंदवले आहेत. काटोलला पडलेला दगड शास्त्राला मोलाचा आहे, पण दुर्मीळ जातीचा नाही. पडताना पाहून गोळा केलेल्या दर शंभर अशनींपैकी ऐंशीहून अधिक याच सामान्य गटातल्या असतात. लाखो-करोडोच्या गोष्टी निव्वळ थापा.

हे सगळे तिला समजावले. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "सरकारले देल्ला त मले काय भेटन?"

या प्रश्नाला आडवळणाचे उत्तर देता आले असते. मुलीने दिले नाही. ती म्हणाली, "मावशी, पैसे मिळतीलच असं मी सांगू शकत नाही. कदाचित काहीच नाही." तेव्हा पाचशे रुपये म्हणजे त्या बाईची चार-पाच दिवसांची मजुरी. मुलगा मक्त्याने दोन एकर करत होता आणि बियाण्याला पैसा नव्हता. आम्ही नोकरीवाले, शिकलेले. तिला त्यागाचा उपदेश करण्याचा आम्हाला काय अधिकार? आम्ही गप्प राहिलो. दगड तिचा निर्णय होईपर्यंत तिच्याच मांडीवर होता.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या चोट्ट्याईले त नाईच देनार. पन नुसता नाई देनार. माह्यं नाव लिवसान का त्याच्यावर?"

शाळेतली ती चौकीदाराची गोष्ट तिच्या नातीने घरी आधीच सांगितली होती.

मुलीने वहीचे पान फाडले. गावाचे नाव, बरडाची जागा, जवळचा नाला, सापडल्याचा दिवस व वेळ, दगडाची लांबी-रुंदी आणि सगळ्यांत वर शोधणाऱ्या बाईचे पूर्ण नाव. अशा दोन प्रती केल्या. बाईने दोन्हींवर सही केली. बचत गटात शिकलेली सही, अक्षर मोठे आणि ठसठशीत. एक प्रत दगडासोबत, एक तिच्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी सोमवारी ती मुलासह नागपूरला आली. एस.टी.चे भाडे मंडळाने दिले. सेमिनरी हिल्सच्या कार्यालयात तिने तो दगड स्वतःच्या हाताने कागदासह दिला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत गेलो होतो. परत जाताना ती दीक्षाभूमीवर थांबली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिचे सासरे काटोलकडून पायी चालत इथे आले होते, असे तिने सांगितले. आम्ही पाच जणांना दिवसभर पायपीट करून एकही दगड सापडला नाही. ज्या बाईच्या पायाखालची ती रोजची जमीन होती, तिला तो दिसला. मातीवर कालपर्यंत काय नव्हते हे तिलाच ठाऊक असणार.

दगडाने पुढे काय सांगितले

काटोलच्या दगडांचा अभ्यास पुढे चालू राहिला. ते 'एल-६' गटातले ठरले. एल म्हणजे लोखंड कमी असलेला गट आणि ६ म्हणजे मूळ खडकात असताना खूप तापून निघालेला. २०२१ साली खरगपूरच्या आय.आय.टी.तील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. काटोलच्या दगडातील बारीक शिरांत त्यांना ब्रिजमनाइट नावाचे खनिज मिळाले. पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त प्रमाणात हेच खनिज आहे. पण ते सुमारे ६६० किलोमीटर खोलीच्या खाली आहे. तिथवर माणूस पोहोचू शकत नाही आणि ते वर आले की टिकत नाही. अवकाशात दोन खडकांची प्रचंड टक्कर झाली, त्या दाबाने व उष्णतेने ते या दगडात तयार झाले आणि लगेच थंड झाल्याने टिकून राहिले. म्हणजे पायाखालची पृथ्वी आतून कशी आहे, हे समजायला आकाशातून पडलेला, काटोलच्या मातीत सापडलेला दगड उपयोगी पडला.

कारणाशिवाय काही घडत नाही, हा धम्माचा पाया आहे. टक्कर झाली म्हणून तुकडा उडाला, पृथ्वी वाटेत आली म्हणून तो पडला, साल वितळली म्हणून काळा झाला, पाणी लागले की गंजणार. त्यात कोप नाही की कृपा नाही. साडेचार अब्ज वर्षांचा दगडही अनित्यच.

एवढे लक्षात ठेवा

आपल्या भागात कधी असा आवाज झाला, प्रकाश दिसला किंवा नवखा काळा दगड सापडला तर पुढील गोष्टी कराव्यात. वेळ आणि प्रकाशाची दिशा लगेच लिहून ठेवावी. दगड उचलण्यापूर्वी जागेवरच फोटो काढावा, शेजारी काडेपेटी किंवा नाणे ठेवावे म्हणजे आकार कळेल. दगड धुऊ नये, हातोडीने फोडू नये, तेल-शेंदूर लावू नये. मोठे शक्तिशाली लोहचुंबक चिकटवू नये. त्याने दगडात साठलेली जुनी चुंबकीय खूण पुसली जाते. कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळावा. तहसील कार्यालयाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. कुणी आगाऊ पैसे मागितले तर पोलिसांत जावे. आणि शोधणाऱ्याचे नाव, मग ती मजूर बाई असो की शाळकरी पोर, कागदावर सर्वांत वर लिहावे व एक प्रत घरी ठेवावी.

वैज्ञानिक दृष्टी बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-क प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. १९७६ साली ते संविधानात आले. हे कर्तव्य फक्त प्रयोगशाळेत पाळायचे नसते. ते उन्हातल्या बरडात, निंबाखालच्या पोरांत आणि पत्र्याच्या डब्यापुढे बसूनही पाळता येते. आमची ती विद्यार्थिनी आज एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवते. दरवर्षी मे महिना लागण्यापूर्वी ती मुलांना घेऊन रानात जाते. पहिल्या तासाला ती दगड दाखवत नाही. वहीचे पान फाडते आणि सापडलेल्या वस्तूची नोंद कशी करायची, नाव कुठे लिहायचे, ते शिकवते.

जय भीम!